सायकलीनं तोडलेली कर

भरमू फ्रान्सातल्या लढाईवरून परत आला त्याला आता बैलांचं दुसरं बेंदूर आलं होतं, पण मनुबाईला विचाराल तर तिचा नवरा अजून घरी आलाच नव्हता. जो आला होता तो कुणी पाहुणा होता. पाहुणा चांगला होता, त्यात वाद नाही. दारू पिऊन धिंगाणा घालत नव्हता, हात उगारत नव्हता, ताटात पडेल ते निमूट खात होता. पण त्याचं अर्धं लक्ष कायम दाराकडे. घोंगडं अंथरून बसायला दिलं तर घटकाभर बसायचा, मग उठून उंबऱ्यात उभा राहायचा, मग अंगणात, आणि बघता बघता गोठ्यातली सायकल बाहेर निघायची.

ती सायकल बेळगावची. तिथल्या फौजेच्या कॅम्पातला एक गोरा सार्जंट विलायतेला परत निघाला होता, त्याच्याकडून भरमूनं घेतली आणि पलटणीतून सुटल्यावर तिच्यावर बसूनच घरी आला. गावानं सायकल बघितलीच नव्हती असं नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतून एक-दोन होत्या, पण त्यांच्यावर धोतराचा सोगा सावरत शेठ लोक बसायचे. आपल्या आळीतला, काल-परवापर्यंत कुळव धरणारा गडी दोन चाकांवर तोल सांभाळत वेशीतून आत येतो म्हटल्यावर अर्धं गाव हसलं आणि उरलेलं अर्धं भ्यालं.

बरं, जायचा कुठं? कुठंच नाही! हेच मनुबाईच्या डोक्यात शिरत नव्हतं. सकाळी निपाणीला जायचा, तिथं ना बाजार करायचा ना कुणाला भेटायचा, तसाच परत. दुसऱ्या दिवशी चिकोडी. मग कधी बोरगावावरून थेट नदीपर्यंत, तर कधी बेळगावच्या वाटेवरचा तवंदीचा घाट चढून पार पलीकडं.

"काय आणलासा?" ती विचारायची.

"काय न्हाय."

"कुनाला भेटलासा?"

"कुनाला न्हाय."

"मग गेलतासा कशाला?"

यावर तो हसायचा आणि घाम पुसायचा. नवरा जुगाराला जात असेल तर बाई भांडते, माहेरी जाते, चारचौघांत गाऱ्हाणं घालते. माझा नवरा रस्त्याला जातो, हे गाऱ्हाणं कुणापुढं घालायचं?

फ्रान्सात भरमू लढला नव्हता. हे गावाला उशिरा कळलं आणि गाव त्याच्यावर जरा नाराजच झालं. मार्सेल नावाच्या बंदराजवळ फौजेच्या खेचरांचा तळ होता, तिथं त्याची नेमणूक. खेचरांना लागणारं गवत आसपासच्या खेड्यांतून यायचं आणि त्याचे निरोप पोचवायला माणूस हवा होता. साहेबानं भरमूला सायकलवर बसवलं. आधी पडला, झडला, गुडघे फोडून घेतले, आणि मग लढाई संपेपर्यंत तो त्या मुलखातल्या टेकड्यांवरून निरोप घेऊन हिंडत राहिला.

एरवी तोंडातून शब्द काढायचा नाही, पण त्या रस्त्यांचा विषय निघाला की त्याची कळी खुलायची. "पांढरा फक्क रस्ता गं, चुना टाकल्यागत. दोनी अंगाला द्राक्षं. मांडव न्हाय काय न्हाय, गुडघ्याएवढी झाडं, आपल्या तंबाकूवानी वळीनं लावल्याली. चढ आला की जीव जातोय. आनि मग उतार! पाय उचलायचं आनि नुस्तं बसायचं. खाली गाव दिसतंय, त्यांच्या देवळाचा मनोरा दिसतोय, आनि वारं असं अंगात शिरतंय..." इथं तो थांबायचा. कायम इथंच. मनुबाईला त्या थांबण्याचा फार राग यायचा. पुढचं काहीतरी तो स्वतःपाशी ठेवून घेत होता, आणि तिला ते हवं होतं.

गावाला मात्र दुसऱ्याच गोष्टीत रस. भरमूचा थोरला भाऊ मष्णू पारावर चार माणसं जमली की मुद्दाम विचारायचा, "का रं, तकडं म्हनं लोक पान्याबिगर दारूच पित्यात?"

"पानी बी पित्यात आण्णा, दारू बी पित्यात. जेवताना घोट घोट. बाया बी, म्हातारी मानसं बी."

"आनि तू?"

"आदी नुस्ती द्राक्षं खायाचो. मग पेलो."

मग हशा पिकायचा. भरमू सांगत राहायचा: सुगीत कोपरापर्यंत जांभळे झालेले बायकांचे हात, द्राक्षांच्या गाड्यांमागून घोंगावणाऱ्या गांधीलमाश्या. तरणे गडी लढाईवर गेलेले, म्हणून मळ्यात सगळ्या बायका आणि म्हातारे. टपाल वाटायलासुद्धा बाईच, तीही सायकलवर. ही टपालवाली त्याच्या बोलण्यात एकदा आली तेव्हा कुणी कान दिला नाही. दुसऱ्यांदा आली तेव्हा मनुबाईच्या थोरल्या जावेनं, अक्काताईनं, भाकरी थापता थापता तिच्याकडे असं काही बघितलं की तव्यावरची भाकरी करपून गेली.

मनुबाई मनात ठेवणारी बाई नव्हती. तिनं त्याला तोंडावरच विचारलं, "ती टपालवाली कशी हुती?"

"म्हातारी हुती. ल्योक लढाईत मेल्याला. त्याचीच सायकल घिऊन हिंडायची."

हे ऐकून मनुबाईला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. मग संध्याकाळी गोठ्यात शेण भरता भरता तिच्या ध्यानात आलं की आता तर आणखीच पंचाईत झाली. तिकडं कुणी नव्हतंच. मग हा माणूस कुणासाठी झुरतोय?

ज्येष्ठ लागला आणि भरमूनं घरात सांगून टाकलं की बेळगावच्या कॅम्पात समुद्रापलीकडच्या बसऱ्यासाठी बेंदराच्या आठवड्यापर्यंत माणसं भरती करून घेताहेत. बेंदूर झालं की तो जाणार. मष्णू रागावला, शेत काय मी एकट्यानं बघायचं का म्हणाला, आणि तणतणत बाहेर गेला. अक्काताईनं डोळ्याला पदर लावला. मनुबाई भांडी घासत होती, ती घासतच राहिली. नवरा लढाईवर असतानाची सगळी वर्षं तिनं याच अंगणात काढली होती. टपालवाला आळीत शिरला की ती हातातलं काम टाकून दारामागं जाऊन उभी राहायची. ते सगळं पुन्हा? तिच्या हातातून तांब्या निसटला आणि गडगडत दारापर्यंत गेला.

तांब्या उचलून ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मला शिकवा."

"काय?"

"ती सायकल. काय हाय तिच्यात ते मला बी बघू द्या."

भरमूला आधी वाटलं थट्टा करते आहे. पण दुपारी माणसं सावलीला पडली की दोघं गावामागच्या गाडीवाटेला जायला लागली. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला असल्यामुळे दांडीवरून पाय टाकायला तिला काही अडचण आली नाही. उलट फ्रान्सातल्या बायकांचे घागरे साखळीत अडकतात हे ऐकून तिला त्यांची कीवच आली. ती पॅडल मारायची, भरमू बैठक धरून मागून पळायचा, आणि थांबायचं झालं की तोच सायकल आवरून धरायचा. ब्रेकचं रबर कधीच झिजून गेलं होतं. तो स्वतः बुटाचा तळवा चाकाला घासून थांबायचा. मनुबाईच्या पायात कुठला बूट? तो सदानकदा मागं असल्यामुळे तिला वारं काही लागलं नाही, त्याच्या धापा तेवढ्या मानेवर लागल्या.

"ह्यात काय हाय एवढं?" ती खाली उतरून म्हणाली. "झोपाळ्यावर बसल्यागत वाटतंय झालं."

भरमूचा चेहरा एवढा पडला की तिला बोलल्याचं वाईट वाटलं.

बेंदराचा दिवस उजाडला. बैल धुतले, शिंगं रंगवली, अंगावर गेरूचे ठसे उठवले. दुपार कलली की वेशीत कर बांधायची. पिंपळाच्या पानांचा आणि नारळांचा तो जाड दोर बैलांच्या छातीएवढ्या उंचीवर आडवा ताणतात, वरच्या आळीतून बैल सोडतात, आणि ज्याचा बैल आधी तोडील त्याचा त्या वर्षीचा मान. पांढऱ्या बैलानं तोडली तर शाळू पिकणार, तांबड्यानं तोडली तर तांबडी पिकं. हे त्या मुलखात बहुतेक गावांत आहे. पण या गावाची आणखी एक रीत होती. ज्याला मान मिळाला त्यानं शिवेवरच्या देवीच्या वावरात पहिली मूठ पेरायची, आणि ते बी उगवून वर येईपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही. मग घरात लग्न असो नाहीतर मयत.

त्या वर्षीचा मान मष्णूच्या घरी येणार हे जवळजवळ ठरलेलंच होतं. त्याचा पोवळ्या बैल वर्षभर सरकी खाऊन नुसता तटतटला होता. मष्णू नवा फेटा बांधून त्याला घेऊन आळीच्या टोकाला गेला, अक्काताई आरती घेऊन मागं गेली, घर रिकामं झालं. मनुबाई विसरलेली हळदीची वाटी न्यायला परत आली आणि गोठ्यापाशी थबकली. सायकल भिंतीला टेकवलेली होती. मागं पलटणीचं घोंगडं गुंडाळून बांधलेलं होतं, वर बुटांचा जादा जोड. घरात भरमू पायताण शोधत खुडबुडत होता.

बेंदूर झालं की जातो म्हणाला होता. बेंदूर व्हायचीसुद्धा वाट बघवली नाही! सगळं गाव वेशीत गुंतलेलं असताना मागच्या वाटेनं निसटायचं, म्हणजे कुणी रडायला नको आणि याला बघायला नको. मनुबाईच्या मस्तकात तिडीक गेली. वाटी तिथंच टाकून तिनं सायकल धरली. खालच्या अंगाला, वेशीच्या अलीकडे गावविहीर होती. त्या विहिरीत हे लोखंड एकदाचं बुडवून टाकायचं, मग बघू हा बसऱ्याला कसा जातो ते! "मने! अगं मने!" मागून हाक आली तशी तिनं दांडीवरून पाय टाकला.

वरच्या आळीपासून वेशीपर्यंत सगळा उतार. याआधी तिनं कधी मोकळा उतार घेतला नव्हता. पहिल्या दोन-चार घरांशी तिनं पॅडल मारलं, मग पॅडल मारायची गरजच उरली नाही. भिंती मागं जायला लागल्या. पदर खांद्यावरून उडाला आणि मागं फडफडायला लागला. डोळ्यांत पाणी आलं, ते रडण्याचं नव्हतं. वारं तोंडात शिरलं, काखेत शिरलं, आणि तिच्या तोंडून कसला तरी आवाज फुटला. आपण ओरडतोय की हसतोय तेही तिला कळलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या मनात कुणीही नव्हतं. नवरा नव्हता, दीर-जाऊ नव्हती, मागची चिंता नव्हती की पुढची नव्हती. विहीर डाव्या हाताला आली आणि गेली. मनुबाईनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याच वेळी मागं आळीच्या टोकाला बैल सुटले. धुरळा, हलग्या, आरोळ्या. सगळ्यांत पुढं पोवळ्या, आणि त्याच्याही पुढं नऊवारीतली एक बाई! वेशीपाशी उभी असलेली माणसं फटकन दोन्ही बाजूंना पांगली. थांबायचं कसं हे मनुबाईला ठाऊक नव्हतं आणि त्या घटकेला थांबायचंही नव्हतं. हँडल दोरावर आदळलं, नारळ फुटले, कर ताडकन तुटली, आणि ती सायकलीसकट पलीकडच्या कडब्याच्या ढिगात जाऊन पडली. पोवळ्या तुटलेल्या दोरावरून तसाच पुढं धावत गेला.

मग जो कालवा झाला तो विचारू नका. कुणी अपशकुन म्हणालं, कुणी हसून हसून खाली बसलं. "काळ्या चाकानं तोडली, आता काय कोळसा पिकनार व्हय?" कुणीतरी ओरडलं. मष्णू तर कपाळावर हात मारून पोवळ्याच्या मागं पळाला. भरमू धापा टाकत आला आणि आधी बायकोकडे धावला. तिचं कोपर खरचटलं होतं, बाकी सगळं शाबूत होतं. अंगभर कडबा चिकटलेल्या मनुबाईच्या डोळ्यांत अशी चमक होती की तो सायकलच विसरला.

ज्योतिबा पाटील म्हातारे, पण रीतीचे पक्के. त्यांनी काठी आपटून सगळ्यांना गप्प केलं. "कर तुटली ती तुटली. जोडता यायची न्हाय. सायकल कुनाची?"

"भरमूची!" चार-पाच जण ओरडले.

"मग मान भरमूचा. देवीच्या वावरात मूठ भरमू पेरल, आनि उगवण हुईतवर शीव वलांडनार न्हाय."

गावाला हे फारच पसंत पडलं. टाळ्या पडल्या. बसऱ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. पळणारा बरोबर सापडला! अक्काताईनं तर देवीला हात जोडले आणि जावेच्या कानाशी कुजबुजली, "वाचलीस गं बाई."

वाचले खरी, असं मनुबाईलाही वाटलं. तिला हवं होतं ते, हवं होतं त्याहून जास्त मिळालं होतं. उगवण होईपर्यंत भरती संपून जाईल आणि नवरा घरात राहील. मग तिनं भरमूकडे बघितलं. तो वेसण घातलेल्या खोंडासारखा खाली मान घालून उभा होता. तिच्या अंगात वारं अजून तसंच घुमत होतं. ते घुमत असताना तिला त्याच्याकडे बघवेना.

"आप्पा," ती पाटलांना म्हणाली, "कर त्येनी तोडली न्हाय. म्या तोडली."

"सायकल त्येची हाय न्हवं? बैल ज्येचा त्येचा मान, ही रीत हाय."

"बैल आपल्या पायानं पळतोय. ही काय आपल्या पायानं आली? भिंतीला टेकून हुती. मी बसले म्हनून आली."

मागून कुणीतरी म्हणालं, "आजपातूर बाईनं कवा कर तोडली न्हाय."

"तोडू नगं असं तरी कुनी सांगितलंय?" मनुबाई म्हणाली. "आनि पेरताना चाड्यावर मूठ कुनाची असती? बायाच धरत्यात की."

म्हाताऱ्या बायकांत खसखस पिकली. पाटलांनी बराच वेळ दाढी खाजवली आणि शेवटी मान हलवली. "बरं. मूठ तुजी आनि शीव बी तुला. भरम्या मोकळा."

मनुबाई नवऱ्याकडे वळली. सगळं गाव ऐकत होतं, ऐकू दे. "जावा तुमी. हिरीत टाकाय निघालते मी ही, आनि हीर कवा मागं गेली कळलं न्हाय. रोज इचारायची न्हवं मी, कशाला जातासा म्हनून? आता न्हाय इचारनार. तुमच्या जागी असते तर मी बी घरात ऱ्हायले नसते."

खरं सांगायचं तर एवढं बोलल्यावर तो जाणार नाही असं तिला वाटलं होतं. भरमूनं तिच्याकडे खूप वेळ बघितलं. मग त्यानं कडब्यातून सायकल काढली, वाकडं झालेलं हँडल गुडघ्यात धरून सरळ केलं, घोंगड्याची दोरी आवळली आणि निपाणीच्या रस्त्याला लागला. पाठमोरा दिसेनासा झाला तसं मनुबाईला हुंदका फुटला. गावासमोर शहाणपण करायला गेले आणि स्वतःच्या हातानं नवरा घालवला, असं म्हणत ती अक्काताईच्या गळ्यात पडून रडली.

दुसऱ्या दिवशी वळवानं भिजलेल्या देवीच्या वावरात पेरणीची कुरी चालली. मष्णू फुगलेल्या तोंडानं पोवळ्याला हाकत होता, मनुबाई कुरीच्या चाड्यात जोंधळ्याचे दाणे सोडत होती. पेरून झालं आणि मग तिचे हाल सुरू झाले. वर्षवर्ष जिनं शीव ओलांडली नव्हती तिला आता शिवेपलीकडचं सगळं आठवायला लागलं. माहेर आठवलं, चिकोडीची जत्रा आठवली, न बघितलेलं बेळगाव आठवलं. घरात बसवेना. भाजी निवडता निवडता उठायची, अंगणात जायची, आळीत जायची आणि शिवेच्या दगडापाशी जाऊन उभी राहायची. त्याला कॅम्पात घेतलं असेल. आगगाडीत बसवलंही असेल. बोट कुठून सुटते तेही तिला माहीत नव्हतं.

अशीच एका सकाळी ती लवकर शिवेवर गेली आणि तिला चाकाची रेघ दिसली. रात्री शिंतोडे पडून गेले होते आणि ओल्या वाटेवर एकच बारीक रेघ निपाणीकडून आली होती, दगडाच्या पलीकडे थांबली होती, आणि वळसा घेऊन परत गेली होती. कडेला बुटांचे ठसे होते. कुणीतरी तिथून वावराकडे बघत बराच वेळ उभं राहिलं होतं. मनुबाई खाली बसली आणि दगडाच्या अलीकडूनच हात लांबवून तिनं ती रेघ चाचपली. घरी जाऊन तिनं कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी रेघ पुन्हा होती, नवी. तिसऱ्या सकाळीही होती.

मग एक दिवस उजाडताना ती वावरात गेली तर काळ्या मातीतून हिरवे कोंब सुयांसारखे वर आले होते. सगळ्या ओळीच्या ओळी. तिनं वाकून नमस्कार केला आणि वर बघितलं. शिवेपलीकडच्या बांधावर भरमू बसला होता. सायकल आडवी टाकली होती.

मनुबाईनं दगड ओलांडला. जवळ जाऊन ती उभी राहिली. "कॅम्पात गेलतासा?"

"न्हाय. निपाणीतच हाय. वखारीत हमाली धरलीया."

"का? मोकळं सोडलं हुतं न्हवं तुमास्नी?"

भरमूनं एक ढेकूळ उचललं आणि बोटांत चुरडलं. "तवंदीचा घाट लई चढाचा हाय," तो म्हणाला.

फ्रान्सातल्या टेकड्या पालथ्या घातलेला आणि तोच घाट आठवड्यातून दोनदा चढणारा माणूस! मनुबाईला हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्याच्या शेजारी बांधावर बसली. मग तो एरवी ज्या वाऱ्यापाशी थांबायचा त्याच्या पुढचं बोलायला लागला, हळूहळू, थांबत थांबत, आणि ती ऐकत राहिली. ऊन वर आलं, रस्त्यानं निपाणीच्या बाजारच्या गाड्या जायला लागल्या, तरी भरमू उठला नाही.